निळ्या खापऱ्यांची साक्ष

"आठ दिवस! आठ दिवसांत हे खळं बंद झालं पाहिजे!" पालिकेच्या साहेबांनी कागद भागीरथीआजीच्या हातात कोंबला आणि बुटाला चिकटलेला जवळा झटकला.

जनी हातात खराटा घेऊन तशीच उभी राहिली. मघापासून ती खळ्याच्या कडा झाडत होती. खळं म्हणजे शेणाने सारवलेलं लांबरुंद अंगण. त्यावर कोळीवाड्यातल्या पंचवीस घरांचा जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळत पडलेला. कोपर स्टेशनच्या मागे, खाडीच्या काठाला जिथे डोंबिवलीच्या इमारती संपतात, तिथे हा कोळीवाडा होता आणि साहेब निघाले होते त्याच्या पोटावर पाय द्यायला!

"का म्हणून बंद करायचं?" जनीने विचारलं.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. हा प्रश्न बारा वर्षांच्या पोरीने विचारलाय हे त्यांच्या पचनी पडेना.

"मासळीवर पांढरी पूड बसते म्हणून! सोसायटीतली चार माणसं हा जवळा खाऊन ओकली. तुम्ही लोक शिंपले भाजून चुना करता, त्याचीच पूड ही."

"चुन्याची भट्टी तीन वर्षं थंड आहे, साहेब! आमची कोंबडी अंडी घालते तिच्यात. चला ना, दाखवते!"

"पोरासोरांशी बोलायला मला वेळ नाही," असं म्हणून साहेब स्कूटरला किक मारून निघूनसुद्धा गेले. पन्नास पावलांवर असलेल्या भट्टीत हात घालून पाहायला काही त्यांना वेळ मिळाला नाही.

मे महिना अर्धा सरला होता. पाऊस लागला की चार महिने होड्या काठावर ओढून ठेवायच्या. लोक आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सुकी मासळी घेतात ती याच दिवसांत. त्या विक्रीवरच घरातलं पीठ, तेल आणि जनीची सातवीची पुस्तकं अवलंबून होती. आत्ता खळं बंद म्हणजे चार महिने चूल बंद!

आजीने खाली वाकून मूठभर जवळा उचलला आणि बोटांनी चोळला. बोटं पांढरी झाली. तिने तीन टोपल्या भरल्या आणि माडाखालच्या खड्ड्यात नेऊन ओतल्या.

"आजी! अगं, धुऊन घेऊ की!"

"नाय गो. लोकांना इख खाऊ घालून माना पोट भरायचा नाय."

आजी रडली असती तरी चाललं असतं. पण ती रडली नाही, तिने फावड्याने माती ओढली, आणि ते पाहून जनीचे कान लाल झाले. राग आला की तिचे कान लाल व्हायचे, आणि एकदा लाल झाले की ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही!

तासाभरात तिची फौज जमली. फौज म्हणजे दोघेच. एक तिचा चुलतभाऊ परशुराम, दहा वर्षांचा, सदा भुकेला. दुसरा तिच्या वर्गातला महिपत. त्याचे बाबा विठ्ठलकाका ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये कामाला होते. महिपत सुट्टीत खाडीवर पोहायला शिकायला यायचा आणि रोज नाकातोंडात पाणी घेऊन परत जायचा.

"पूड आपली नाही, तर मग कुणाची?" जनी म्हणाली. "शोधायचं!"

"पण मोठी माणसं बघतील ना ते," परशुराम म्हणाला.

"मोठ्या माणसांनी बघितलं आत्ताच! कोंबडीच्या खुराड्याला चुन्याची भट्टी ठरवून गेले!"

महिपतने डोकं चालवलं. प्रत्येकाच्या घरात जुन्या पाट्या होत्याच. त्या काळ्या पाट्या पुसून स्वच्छ करायच्या, खळ्याच्या चारी कोपऱ्यांत ठेवायच्या, आणि दर तासाला पाहायचं. काळ्या पाटीवर पांढरी पूड लपणार कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिघेही माडाच्या सावलीत ठाण मांडून बसले. दहा वाजता पाट्या स्वच्छ. बाराला स्वच्छ. एक वाजता सगळा कोळीवाडा जेवून आडवा झाला, आणि पश्चिमेकडून वारा सुटला. दोन वाजता जनीने पाटीवर बोट फिरवलं.

"परशा! महिपत! बघा!"

काळ्या पाटीवर तिच्या बोटाची रेघ स्पष्ट उमटली होती. वाऱ्याच्या दिशेने तिघांनी मान वळवली. समोर होती पत्र्याची उंच शेड. तिच्या धुराड्यातून दाट पांढरा धूर निघत होता. शेडवर पाटी होती : 'फुलबहार पॉटरी. फुलझाडांच्या सुबक कुंड्या.' आणि खाली, त्याहून मोठ्या अक्षरांत : 'मालक – भगवानशेठ'.

भगवानशेठला आपलं नाव दिसण्याची भारी हौस. बसस्टॉपवरचं बाकडं, 'भगवानशेठ यांच्याकडून'. पाणपोईचा माठ, 'भगवानशेठ यांच्याकडून'. माठ मागच्या वर्षीच फुटला होता, पण नावाची पाटी अजून जागच्या जागी होती.

"कुंड्या भाजताना असला पांढरा धूर येतो?" परशुरामने विचारलं.

"चल, विचारूनच येऊ!" जनी उठलीसुद्धा.

फाटकात एक टेम्पो उभा होता आणि त्यातून करड्या रंगाची जड ढेकळं उतरवली जात होती. महिपत टक लावून पाहत राहिला. मग तो जनीच्या कानाशी पुटपुटला, "ही माती नाही! हा जस्ताचा मळ आहे. बाबांच्या कारखान्यात लोखंडी पाइप वितळलेल्या जस्तात बुडवतात ना, गंजू नयेत म्हणून, त्या कढईत असाच मळ साचतो. भंगारवाले घेऊन जातात."

"ए, काय पाहिजे?" वॉचमन पंढरी ओरडला. तेवढ्यात शेठ स्वतःच बाहेर आले. पांढरे कपडे, कपाळाला गंध, चेहऱ्यावर हसू.

"शेठ, तुमच्या धुराची पूड आमच्या जवळ्यावर पडते," जनी सरळ म्हणाली. "भट्टीत जस्त जाळता का?"

शेठचं हसू क्षणभर अडखळलं. "अरे बेटा, जस्त कुठलं? आम्ही माती भाजतो, माती! कुंड्या! ही घे गोळी, आणि खेळायला जा."

परशुरामचा हात पुढे गेला. जनीने तो मागे ओढला.

"नको आम्हाला गोळी!"

"मग ऊन खा!" शेठ म्हणाले आणि फाटक धाडकन बंद झालं.

"एक गोळी घेतली असती तर काय बिघडलं असतं?" परत येताना परशुराम कुरकुरला. "लिंबाची होती!"

घरी पडवीत दामाजीआजा जाळं मांडीवर घेऊन बसला होता. जाळ्याच्या खालच्या दोराला वजनं बांधायचं काम चाललं होतं. शिसं महाग, म्हणून आजा खापऱ्याच बांधायचा. पण खापरी निवडायची त्याची रीत मोठी चोखंदळ! एकेक तुकडा तळहातावर घ्यायचा, डोळे मिटायचे, दोनदा वरखाली करायचा, आणि मग ठेवायचा किंवा फेकायचा.

"हलकी खापरी पान्यात भिरभिरतं गो," तो जनीला म्हणाला. "जालं तलाला बसत नाय. ही बग. केवढीशी हाय, पन वजन बग!"

जनीने ती हातात घेतली. बोटभर लांबीची जाड खापरी, पण हात खाली गेला! बाहेरून मातकट, आणि आतल्या अंगाला मात्र निळसर हिरवा, गडद थर.

"आजा, ही कुठून आणलीस?"

"त्या कुंडीवाल्याच्या मागं ढीग पडलाय. पंढरी बोलला, ने खुशाल, तेवढाच आमचा कचरा कमी."

जनी आणि महिपतने एकमेकांकडे पाहिलं. जनीने अंगणातली फुटकी कुंडी उचलली, तिचा तेवढ्याच आकाराचा तुकडा पाडला आणि आजीच्या मासळीच्या तागडीत दोन्ही टाकले. निळ्या खापरीचं पारडं खाली आपटलं. कुंडीचे दोन तुकडे टाकले तेव्हा कुठे तागडी जेमतेम सरळ झाली.

"कुंडी आतून निळी का असेल?" महिपत म्हणाला. "आणि इतकी जड?" त्याने खिशातून तिकिटं पाहायचं भिंग काढलं. खापरीच्या एका भेगेवर धरलं आणि डोळा अगदी जवळ नेला. "जने... आत खडे आहेत! मोहरीहून बारीक. पण प्रत्येकाला बाजू आहेत. त्रिकोणी! दोन मनोरे तळाला तळ लावून चिकटवल्यासारखे!"

जनीने मोजले. वर चार त्रिकोण, खाली चार. आठ बाजू, आणि एकेक बाजू चकाकणारी. असले खडे कुणी कुंडीत बसवत नाही.

कोपरच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर शीलाताई राहायची. ती मुंबईच्या कॉलेजात भूशास्त्र शिकत होती आणि भागीरथीआजीची मासळीची गिऱ्हाईक होती. तिघे धापा टाकत तिच्या दारात उभे राहिले. शीलाताईच्या मांडीवर वह्या, कानावर पेन्सिल. तिने खापरी उजेडात धरली, न धरली, आणि परत दिली.

"काच आहे गं. भट्टीत माती वितळली की अशी रंगीत काच होते. मला परवा प्रबंधाचं प्रकरण द्यायचंय, नंतर या हं!"

"पण ताई, खडे..."

दार बंद!

"झालं!" परशुराम म्हणाला. "ताईपण मोठी माणसंच निघाली."

इमारतीच्या अंगणात भीमाबाई पाट्याला टाकी लावत बसली होती. मसाला वाटून वाटून गुळगुळीत झालेला पाटा छिन्नीने टोचून पुन्हा खरबरीत करायचा, हा तिचा धंदा. "पाट्याला टाकीऽऽय!" अशी तिची आरोळी सगळ्या डोंबिवलीला ठाऊक होती. तिने तिघांचे पडलेले चेहरे पाहिले.

"का रं, काय झालं?"

"ताई म्हणते ही काच आहे," जनी फुणफुणली.

"आन बघू हिकडं." भीमाबाईने खापरी टाचेखाली दाबली, निळ्या थरावर छिन्नीचं टोक ठेवलं आणि जोरात ओढलं. छिन्नी घसरली. तिने पुन्हा ओढली. निळ्या थरावर एक चंदेरी रेघ उठली. भीमाबाईने ती अंगठ्याने पुसली, आणि रेघ पुसली गेली!

"ह्यो ओरखडा न्हवं, माझ्या टाकीचंच लोखंड झिजलं की!" तिने छिन्नीचं टोक डोळ्यांजवळ नेलं. "काच आसती तर वरखडा उठला आसता. चाळीस वर्सं दगड फोडत्ये मी. आपल्याकडच्या काळ्या फत्तराला माझी टाकी कवा हरली न्हाय!"

"गारगोटीला?" महिपतने विचारलं.

"गारगोटी आवगड. ही घे, करून बघ." तिने पिशवीतून पांढरी गारगोटी काढून दिली. चूल पेटवायला ती जवळच ठेवायची.

जनीने खापरीची निळी कड गारगोटीवर दाबून ओढली. मग ओल्या बोटाने गारगोटी पुसली. रेघ गेली नाही. नखाने खरवडली, तरी गेली नाही. गारगोटीवर कायमचा ओरखडा उठला होता!

तिघे दोन दोन पायऱ्या गाळत वर पळाले. या वेळी जनीने दार वाजवलं नाही, बडवलं!

"ताई, काच गारगोटीला ओरबाडते का?"

"नाही. शक्यच नाही. गारगोटी काचेपेक्षा कठीण असते," शीलाताई वैतागून म्हणाली.

जनीने गारगोटी तिच्या वहीवर ठेवली. शीलाताईने ओरखडा पाहिला. बोटाने पुसला. भिंग आणलं. मग ती भेगेतल्या खड्यांकडे इतका वेळ पाहत राहिली की परशुरामला डुलकी लागायची वेळ आली.

"जनी," ती शेवटी म्हणाली, "मी न बघताच बोलले. चुकलं माझं. ही खापरी मला दे. दोन दिवस दे."

दोन दिवसांचे पाच झाले. इकडे रोज दुपारी पूड पडत होती, रोज आजी जवळा खड्ड्यात ओतत होती. कोळीवाड्यातले पुरुष म्हणू लागले, आता काय उपयोग, कागद आलाय. "कागद आला म्हणून खोटं खरं होतं का?" जनी तोंडावर विचारायची. "पोरगी फार बोलायला लागलीय," ते म्हणायचे. बोलायलाच हवं होतं कुणीतरी!

सातव्या दिवशी सकाळी शीलाताई स्वतः चिखल तुडवत कोळीवाड्यात आली. डोळे लाल, पण चेहरा फुललेला.

"गाहनाइट!" ती पडवीत बसता बसता म्हणाली.

"काय नाईट?" परशुराम दचकला.

"गाहनाइट. एका स्वीडिश शास्त्रज्ञाच्या नावावरून पडलंय नाव. स्पिनेल म्हणून खनिजांचं एक घराणं आहे, त्यातला हा जस्तवाला भाऊ. जस्त, ॲल्युमिनियम आणि प्राणवायू, तिघे मिळून हा खडा होतो. गारगोटीपेक्षा कठीण, पाण्याच्या साडेचारपट जड, आणि आम्लात दिवसभर बुडवला तरी ढिम्म! आमच्या सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांनी सहीचं पत्रसुद्धा दिलंय."

"मग हा आपल्या खाडीत सापडतो?" महिपतने विचारलं.

"तीच तर गंमत! हा सापडतो ग्रॅनाइटमधल्या भरड शिरांत, नाहीतर जिथे जस्ताचं खनिज जमिनीच्या पोटात भाजून निघालंय अशा फार जुन्या खडकांत. राजस्थानात आहे. आपल्या विदर्भात भंडाऱ्याकडेही मिळालाय. पण इथे? इथे खाली काळा कातळ आणि वर खाडीचा गाळ. इथे तो जन्मूच शकत नाही!"

"पण जन्मलाय," जनी सावकाश म्हणाली. "म्हणजे भट्टीत जन्मलाय."

"शाब्बास! जस्त खूप तापलं की त्याची वाफ होते. चांगलं जस्त गाळून घ्यायला मातीच्या मुशीत, म्हणजे भट्टीतल्या भांड्यात, जस्ताचा मळ भरून तापवला, की ती वाफ मुशीच्या अंगात मुरते. मातीत ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम आणि प्राणवायूची जोडी, असतो. वाफ त्याला धरते आणि महिनोन्महिन्यांच्या धगीत हा निळा थर बनतो. आणि जी वाफ फटीतून बाहेर निसटते, तिची हवेत पांढरी पूड होते. तीच तुमच्या जवळ्यावर!"

"म्हणजे कुंड्या भाजून हा थर येणारच नाही?"

"शंभर वर्षं भाजल्या तरी नाही. मातीत जस्त आणणार कुठून?"

परशुराम उड्या मारायला लागला. पण शीलाताईने हात वर केला. "थांबा. तो म्हणेल, या खापऱ्या माझ्या नाहीतच. ढिगाला काय नाव लिहिलंय? मग?"

परशुरामच्या उड्या थांबल्या. जनी पडवीतून दिसणाऱ्या बसस्टॉपवरच्या त्या बाकड्याकडे पाहत होती. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की महिपत म्हणाला, "जने, तुझं काय चाललंय?"

"नाव नसेल," जनी म्हणाली, "तर त्यालाच घालायला लावू!"

आठव्या दिवशी अकरा वाजता साहेब आले. सोबत एक कारकून, हातात कुलूप आणि लाखेची कांडी. सगळा कोळीवाडा खळ्यावर जमला. गर्दी म्हटल्यावर भगवानशेठ आल्याशिवाय राहतात थोडेच! ते छत्री धरून आले आणि तोंडाने च्‌च्‌ करू लागले.

"वाईट झालं हो. पण कायदा तो कायदा. साहेब, ही जागा मोकळी होतेय तर इथे एक बाकडं टाकू का? माझ्याकडून?"

भागीरथीआजीच्या ओठांवर काय शब्द आले असतील ते सांगायला नको! पण त्याआधीच जनी पुढे झाली. हातात आज्याचं जाळं.

"शेठ, तुमची एक माफी मागायची आहे. आज्याने तुमच्या भट्टीमागच्या ढिगातल्या खापऱ्या जाळ्याला बांधल्यात. वॉचमनला विचारलं होतं, पण तुम्हाला नाही विचारलं. मोठ्या माणसाची वस्तू विचारून घ्यायला हवी."

शेठ फुलले. एवढ्या गर्दीत माफी! तीही त्या आगाऊ पोरीकडून!

"अरे, त्यात काय एवढं? माझ्याच भट्टीतल्या आहेत त्या, टाकाऊच आहेत. घ्या हव्या तेवढ्या! साहेब, लिहून घ्या, कोळीवाड्याला जाळ्याची वजनं फुकट, भगवानशेठकडून!"

"नक्की तुमच्याच ना? दुसऱ्या कुणाच्या निघाल्या तर आज्याला चोर म्हणतील!"

"दुसरी भट्टी आहे कुठे इथे? माझ्याच! प्रत्येक तुकडा माझा!"

कारकुनाने सवयीने लिहून घेतलं. जनीने त्याच्या कागदात डोकावून पाहिलं. ओळ पूर्ण झाली होती.

"आता पुढचं लिहा, काका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज सगळ्या खळ्यावर ऐकू गेला. "या खापऱ्यांत जस्त आहे! ताई, दे ते पत्र!"

शीलाताईने पत्र साहेबांसमोर धरलं आणि दोन मिनिटांत सगळं सांगितलं. साहेब वाचत गेले तसतशा त्यांच्या भुवया वर चढत गेल्या. शेठची छत्री मात्र खाली खाली यायला लागली.

"खोटं आहे! त्या खापऱ्या माझ्या नाहीतच! कुणी आणून टाकल्या कोण जाणे!"

"प्रत्येक तुकडा माझा," कारकुनाने कागदावरून वाचून दाखवलं. गर्दीत हशा पिकला.

"पूड तर चुन्याचीच आहे की नाही?" शेठ ओरडले. "मासळीवरची! ती यांचीच!"

"तेही बघू ना!" जनी म्हणाली. "आजी, चूल पेटलीय?"

दोन जुन्या लोखंडी पळ्या. एकीत पानाच्या डबीतला कोरडा चुना, दुसरीत पाट्यांवरून गोळा केलेली पूड. महिपतने दोन्ही पळ्या निखाऱ्यांवर धरल्या आणि परशुराम फुंकणीने फुंकू लागला. सगळे वाकून पाहत होते. चुना पांढरा तो पांढराच. आणि पूड? ती हळूहळू पिवळी पडली. पिवळीधमक, हळदीसारखी!

"जादू!" कुणीतरी म्हणालं.

"जादू नाही," शीलाताई म्हणाली. "जस्ताची पूड तापली की पिवळी होते. निवली की परत पांढरी. चुन्याला हे जमत नाही."

महिपतने पळी बाजूला काढली. पूड निवली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा पांढरी झाली. साहेबांनी स्वतः पळी हातात घेतली, पुन्हा निखाऱ्यावर धरली, पुन्हा पाहिली. मग ते उठले आणि पन्नास पावलं चालत चुन्याच्या भट्टीपाशी गेले. आतून कोंबडी फडफडत बाहेर आली. साहेबांनी आत हात घातला, आणि त्यांच्या हातात आलं एक अंडं!

आता कुणी हसलं नाही. साहेबांचा चेहराच तसा झाला होता.

"हे मी आठ दिवसांपूर्वी करायला हवं होतं," ते म्हणाले. "चला शेठ, तुमच्या कुंड्या बघू."

शेडमध्ये कुंड्या होत्या. एकूण सहा, दाराशी, धूळ खात. त्यामागे रांगेने चाळीस मुशी भट्टीत तापत होत्या, आणि काम करणारे चार मजूर तोंडाला फडकं बांधून खोकत होते. महिन्यातून दोनदा ताप यायचा, असं त्यांनी सांगितलं. "पित्ताचा ताप आहे, गूळ खा," असं शेठ त्यांना म्हणायचे! त्यांना दवाखान्यात नेऊन तपासून घ्यायचं शीलाताईने साहेबांकडून कबूल करून घेतलं. पंढरी वॉचमनने न विचारताच टेम्पोचे वार सांगून टाकले. खळ्यासाठी आणलेलं कुलूप फुलबहार पॉटरीच्या दाराला लागलं आणि लाखेची कांडीही तिथेच वितळली.

"ए पोरी, बघून घेईन तुला!" जाता जाता शेठ गुरगुरले.

"बघा ना!" जनी म्हणाली. "मी रोज इथेच असते, खळ्यावर!"

खळ्यावर बायकांनी शेण कालवायला घेतलं. पांढरं पडलेलं सगळं अंगण धुऊन नव्याने सारवायचं होतं, आणि पावसाला अजून वीस दिवस बाकी होते. ताजा जवळा घेऊन दोन होड्या भरतीबरोबर आल्यासुद्धा. ज्यांनी 'पोरगी फार बोलते' म्हटलं होतं ते आता टोपल्या उचलत होते. भीमाबाईला कुठून बातमी लागली कोण जाणे, तीही टाकी-हातोडा घेऊन हजर! "बाईनं न बघता काच म्हटलं, आन माझ्या टाकीनं दगड वळखला!" असं ती प्रत्येकाला सांगत होती आणि शीलाताई हसून मान डोलावत होती. साहेबांनी तिघांशी हात मिळवले. परशुरामने हात मिळवताना हळूच विचारलं, "साहेब, गोळी आहे का?" आणि साहेबांनी कारकुनाला दुकानात पिटाळलं.

भागीरथीआजीने जनीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "जल्ली मेली, तुझ्या तोंडाला मी किती शिव्या घातल्या असतील," ती म्हणाली. "आता कुनी गप बस बोलला तर माना सांग." एवढे दिवस कोरडे राहिलेले तिचे डोळे आत्ता मात्र वाहायला लागले.

पंचनाम्याचा कागद पुरा करायचा राहिला होता. कारकून होडीच्या कडेवर बसला आणि खापऱ्या देणाऱ्याची माहिती विचारू लागला.

"नाव?"

"दामाजी."

"धंदा?"

"मासेमारी. पन्नास वर्सं."

"ओळख? म्हणजे कोळीवाड्याचे पंच, मच्छीमार सोसायटीचे सभासद, काही आहे का? कोण तुम्ही?"

आज्याने खळ्याकडे पाहिलं. तिकडे जनी गुडघे टेकून शेणाचा गोळा पसरत होती, हात कोपरापर्यंत भरलेले.

"लिवा," आजा छाती काढून म्हणाला, "जनीचा आजा."